अर्धा चमचा युरिया

दरवर्षी फेब्रुवारी लागला की शिक्षक मैत्रिणींचे मेसेज सुरू होतात. "शाळेत रोपवाटिका करायची आहे, पावसाळ्यात मुलांच्या हातून झाडं लावायची आहेत, पिशवीत खत कोणतं घालू आणि किती?" माझं उत्तर ठरलेलं असतं. आधी काहीच घालू नका, बाकीचं फोनवर सांगते. फोनवर सगळं सांगून होत नाही, म्हणून आज सविस्तर लिहिते आहे. यातली निम्मी गोष्ट खताची आहे आणि निम्मी माझ्या चुकीची. दोन्ही वेगळ्या करून सांगता येतील असं वाटत नाही.

आमची शाळा माण तालुक्यातली, जिल्हा परिषदेची, सातवीपर्यंतची. पाऊस कमी, जमीन मुरमाड आणि चुनखडीची. शाळेमागे उतारावर एक उघडाबोडका पट्टा आहे, तिथे झाडं व्हावीत अशी सगळ्यांचीच इच्छा होती. वनविभागाची रोपं दरवर्षी मिळायची, दरवर्षी लावली जायची आणि मार्चपर्यंत बहुतेक वाळून जायची. सात वर्षांपूर्वी मी म्हटलं, रोपं आपणच करू. मुलांना बी ओळखता येईल, उगवण बघता येईल, विज्ञानाचा पाठ जिवंत होईल.

किचनशेडच्या मागे भिंतीच्या सावलीत जागा केली. पाच बाय सातच्या तीनशे काळ्या पिशव्या आणल्या. मुलांनी ओढ्याची माती आणली, वाळू आणली, घरून शेणखत आणलं. बाभूळ, शिरीष, करंज, चिंच, बहावा अशा पाच जातींचं बी गोळा केलं. एका पालकांनी निरोपही पाठवला, "पोरं शाळेत शिकायला पाठवतो, माती कालवायला न्हाई." मी त्यांना शाळेत बोलावून बहाव्याचं बी हातात दिलं आणि म्हटलं, हे उगवून दाखवा. बहाव्याच्या बियांचं कवच इतकं टणक असतं की नुसतं पेरलं तर महिनोन् महिने तसंच पडून राहतं. मुलं ते दगडावर घासून, रात्रभर पाण्यात भिजवून पेरत होती. त्यानंतर ते पालक काही बोलले नाहीत. पटलं म्हणून गप्प बसले की कंटाळून, ते मला अजून कळलेलं नाही.

रोपं चांगली उगवली. एप्रिलच्या सुरुवातीला बोटभर, काही वीतभर झाली होती. पण मला घाई होती. एक जुलैला वृक्षारोपणाचा कार्यक्रम, पाहुणे येणार, फोटो निघणार. तोपर्यंत रोपं हातभर तरी दिसायला हवीत. माहेरी शेती आहे, त्यामुळे युरिया टाकला की पीक तरारतं हे लहानपणापासून पाहिलेलं. घरून डबाभर युरिया आणला आणि एका शनिवारी दुपारी, मुलं घरी गेल्यावर, एकेका पिशवीत अर्धा अर्धा चमचा टाकला. वरून झारीने पाणी दिलं. हे मी कुणाला सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे, त्यात सांगण्यासारखं काही वाटलंच नाही.

बुधवारपर्यंत पानांच्या कडा तपकिरी झाल्या. शुक्रवारी पानं गळायला लागली. पुढच्या आठवड्यात तीनशेपैकी जवळपास दोनशे रोपं माना टाकून पडली.

पाणी घालायची पाळी सातवीतल्या एका मुलीकडे होती. तिचं नाव इथे लिहीत नाही. शांत, नेमून दिलेलं काम न चुकता करणारी. रोज सात वाजता येऊन शाळा भरायच्या आत सगळ्या पिशव्या भिजवायची. रोपं वाळायला लागल्यावर बाकीची मुलं म्हणाली, "बाई, ती दुपारी पाइपनं पाणी घालती. पाइपातलं पाणी उकळलेलं असतं." एप्रिलच्या उन्हात प्लास्टिकच्या पाइपातलं पाणी खरंच चटके देतं. मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला ते पटवून घ्यायचं होतं. मी तिला वर्गात उभं केलं आणि विचारलं, दुपारी पाणी घातलंस का? ती म्हणाली, "एकदाच, बाई. माती लई सुकली व्हती म्हणून." मी तिची पाळी काढून दुसऱ्याला दिली आणि वर म्हटलं, "जबाबदारी घेतली की नीट निभवावी." हे वाक्य आजही आठवलं की अंग चोरल्यासारखं होतं.

चार-पाच दिवसांनी तिचे आजोबा आले. धनगर माणूस, शेरडं-मेंढरं घेऊन ओढ्याकडे निघालेले, वाटेत शाळेच्या फाटकाशी थांबले. मी बाहेर गेले. म्हणाले, "बाई, पोरगी दोन दिस नीट जेवली न्हाई. म्हणती, मी झाडं मारली. बघू तरी काय झालंय." मी त्यांना मागे नेलं. आबांनी मेलेल्या रोपाची एक पिशवी उचलली, फाडली, माती हातावर घेऊन नाकाशी नेली. मग मुळं चोळून बघितली. पांढरी असायला हवीत ती टोकं तपकिरी, लिबलिबीत झालेली.

"पाण्यानं असं न्हाई होत. खत काय टाकलं?"

"युरिया."

"किती?"

"अर्धा अर्धा चमचा."

आबांनी माझ्याकडे बघितलं आणि पिशवी खाली ठेवली. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "मग पोरीला सांगा तेवढं."

दुसऱ्या दिवशी परिपाठात, प्रार्थना झाल्यावर, मी सगळ्या शाळेसमोर सांगितलं की रोपं हिने मारली नाहीत, मी मारली, आणि कशी मारली तेही सांगते. ती मान खाली घालून उभी होती. सगळं बोलून झाल्यावरही तिने वर बघितलं नाही. वाचणाऱ्यांना वाटेल की ती हसली असेल, मग सगळं छान झालं असेल. तसं झालं नाही. त्या वर्षी ती रोपवाटिकेकडे परत फिरकली नाही.

परिपाठात जे सांगितलं त्याचं पुढे सातवीच्या गणिताच्या तासाला उदाहरण केलं. ते इथे देते, कारण शिक्षकांना वापरता येईल. पिशवीत साधारण एक किलो मिश्रण बसतं, हे आम्ही तराजूवर तोलून पाहिलं. अर्धा चमचा युरिया म्हणजे सुमारे दोन ग्रॅम. आता एक एकर जमिनीचा वरचा वीतभर थर घेतला तर त्यात ढोबळमानाने नऊ लाख किलो माती असते. किलोला दोन ग्रॅम या हिशेबाने एकराला किती युरिया झाला? अठराशे किलो. पंचेचाळीस किलोचं एक पोतं धरलं तर चाळीस पोती! शेतकऱ्यांच्या घरातली मुलं ती, आकडा ऐकून वर्गात एकदम शांतता झाली. मग एक जण म्हणाला, "बाई, आमचे दादा उसाला पण एवढा घालत न्हाईत." चमचा लहान दिसतो, कारण पिशवी लहान आहे हे आपण विसरतो.

मुळांना नेमकं काय झालं, तेही समजून घेतलं. युरियात ४६ टक्के नत्र असतं. ओल्या मातीत पडला की दोन-चार दिवसांत त्याचा अमोनिया होतो. आबांना वास आला तो त्याचाच. शेतात तो मोठ्या थरात पसरतो, पिशवीत जाणार कुठे? कोवळ्या मुळांना तो सरळ भाजतो. शिवाय खत म्हणजे शेवटी क्षारच. मातीतल्या पाण्यात क्षार वाढले की मुळांना पाणी ओढता येत नाही, उलट मुळातलं पाणी बाहेर जायला लागतं. मिठात घातलेल्या कैरीच्या फोडींना पाणी सुटतं ना, तसंच. पानांच्या कडा जळाल्या तेव्हा माती ओली होती आणि रोप तहानेनं मरत होतं. ती मुलगी म्हणत होती माती सुकली होती, मला वाटलं पाणी जास्त झालं, आणि खरं कारण दोन्हीत नव्हतं.

पुढच्या वर्षी पुन्हा करायचं की नाही, यावर मी बरेच दिवस घालवले. शेवटी गावात येणाऱ्या कृषी सहायकांना विचारलं. ते म्हणाले, "मॅडम, खत नंतर. आधी मुळांना सोबत द्या." म्हणजे जिवाणू खतं. ती पुण्याच्या कृषी महाविद्यालयात मिळतात असं त्यांनीच सांगितलं. दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला गेले तेव्हा पाकिटं घेऊन आले. पाव किलोचं पाकीट, आत काळी भुकटी. दिसायला कोळशाची पूड, पण त्यात जिवंत जिवाणू असतात. पाकिटावर वापरायची शेवटची तारीख छापलेली असते. ती बघा, औषधाच्या बाटलीवर बघतो तशी.

मुलांना समजावताना मी विरजणाचं उदाहरण दिलं. दही लावताना दूध कोमट असावं लागतं. उकळत्या दुधात विरजण घातलं तर? सगळे एका सुरात म्हणाले, "मरतंय!" पाकीट उन्हात ठेवलं, दुचाकीच्या डिकीत दुपारभर विसरलं, रासायनिक खतात किंवा कीटकनाशकात कालवलं की तेच होतं. हे मी अधिकाराने सांगू शकते, कारण पहिलं पाकीट मीच एस.टी.च्या खिडकीशी, उन्हाच्या बाजूला ठेवून आणलं होतं.

आता कोणता जिवाणू काय करतो ते थोडक्यात. हवेत जवळपास ७८ टक्के नत्र आहे, पण झाडाला ते थेट घेता येत नाही. रायझोबियम नावाचा जिवाणू शेंगावर्गातल्या झाडांच्या मुळांत शिरतो, गाठी करतो आणि हवेतलं नत्र झाडाला वापरता येईल अशा रूपात आणून देतो. बदल्यात झाड त्याला साखर देतं. अॅझोटोबॅक्टर मातीत मोकळा राहून, गाठी न करता हेच काम कमी प्रमाणात करतो. स्फुरद विरघळवणारे जिवाणू आमच्यासारख्या चुनखडीच्या जमिनीत फार उपयोगी, कारण तिथे स्फुरद मातीत असूनही चुन्याशी बांधलं जातं. घरात धान्य आहे आणि कणगीला कुलूप, तशातली गत. आणि ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी. कोवळी रोपं जमिनीलगत सडून कोलमडतात, त्या रोगाच्या बुरशींना ती आवर घालते. शेणखतात कालवून, ओलसर ठेवून, सावलीत पंधरा दिवस बारदानाखाली झाकली की ती खतभर वाढते.

शेणखत मात्र पूर्ण कुजलेलंच हवं. पहिल्या वर्षी मुलांनी आणलेल्यात निम्मं कच्चं होतं. कच्चं शेण पिशवीत तापतं आणि त्यात हुमणीच्या अळ्या येतात. दोन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग चाळलेलं शेणखत, एवढं मिश्रण आमच्याकडे चालतं. काळी चिकण माती असेल तर वाळू वाढवावी.

त्या जानेवारीत ती मुलगी परत आली. ती तेव्हा जवळच्या गावातल्या हायस्कूलला आठवीत जात होती. एका संध्याकाळी आबांबरोबर पोतं घेऊन आली. पोत्यात शेरडांच्या लेंड्या होत्या. बाभळीच्या शेंगा शेळ्या आवडीने खातात, त्यातलं बरंचसं बी न पचता लेंड्यांतून बाहेर पडतं आणि पोटातल्या प्रवासात त्याचं कवच मऊ होतं. असं बी जास्त चांगलं उगवतं हे आमच्याकडच्या मेंढपाळांना माहीत असतं. उन्हाळ्यात शेंगा खाऊन झाल्यावर गोठ्याच्या कोपऱ्यात साठलेल्या त्या लेंड्या आबांनी राखून ठेवल्या होत्या. ती म्हणाली, "आबा म्हणलं, बाईंना दे." माझ्याशी त्या दिवशी ती एवढंच बोलली. पण नंतर शनिवार-रविवारी यायला लागली.

बियांना जिवाणू लावायची पद्धत सोपी आहे. थोडा गूळ पाण्यात उकळून, पूर्ण गार करून, त्यात पाकिटातली भुकटी कालवायची. बी त्यात हलक्या हाताने घोळायचं आणि सावलीत कागदावर सुकवून लगेच पेरायचं. मुलांना हे काम फार आवडतं. हात काळे होतात, घरी गेल्यावर आया ओरडतात, ते गृहीत धरा.

रायझोबियमची एक खोच आहे. सगळ्या झाडांना एकच चालत नाही. हरभऱ्याचं रायझोबियम हरभऱ्याशी जमवून घेतं, बाभळीला त्याचा उपयोग नाही. आणि बाजारात पाकिटं मिळतात ती बहुतेक पिकांची. मग आमच्या रानातल्या झाडांचं काय? यावर सहायकांनी जो उपाय सांगितला तो फुकटचा निघाला. ज्या जातीचं रोप करायचं, त्याच जातीचं जुनं, निरोगी झाड शोधायचं. वरचा पालापाचोळा बाजूला सारून, वीतभर खालची, बारीक मुळं असलेली माती बादलीभर आणायची आणि मिश्रणात मूठमूठ मिसळायची. त्या झाडाचे सोबती त्या मातीत आधीच राहत असतात. झाड रोगट असेल तर मात्र मातीबरोबर रोगही येतो, त्यामुळे झाड निवडताना चार वेळा बघा. आमच्या ओढ्याकाठी एक थोरली बाभूळ आहे, तिच्याखालची माती आम्ही आणली.

याच मातीबरोबर आणखी एक सोबती येतो, तो डोळ्यांना दिसत नाही. मायकोरायझा. मुळांत राहणारी बुरशी. 'बुरशी' म्हटलं की मुलं नाक मुरडतात, भाकरीवरची आठवते. हिचे धागे केसाहून कितीतरी बारीक असतात, मुळं पोचत नाहीत तिथवर मातीत पसरतात आणि मुख्यतः स्फुरद आणून देतात. पाणी ओढायलाही मदत होते. या जोडीला मायकोरायझा हे नाव १८८५ मध्ये जर्मनीत ए. बी. फ्रँक यांनी दिलं. पोर्तो रिको बेटावर पाइनची झाडं लावायचे प्रयत्न वर्षानुवर्षं फसत होते, रोपं पिवळी पडून खुरटायची. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या पाइनच्या जंगलातली माती आणून मिसळली, तेव्हा तीच रोपं वाढायला लागली. त्या बेटावरच्या मातीत पाइनची बुरशीच नव्हती! बाभूळ, कडुनिंब, चिंच यांच्या मुळांतली बुरशी वेगळ्या प्रकारची, पण सोबत तशीच. कृषी महाविद्यालयात एका प्राध्यापकांनी मला सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या रंगात रंगवलेलं मूळ दाखवलं होतं. मुळाच्या आत निळे धागे आणि त्यांची झुडपांसारखी बारीक टोकं. शाळेत ते दाखवायची सोय नाही, त्याची मला अजून रुखरुख आहे.

दुसऱ्या वर्षी आम्ही बाभळीच्या चाळीस चाळीस पिशव्यांच्या तीन रांगा केल्या. पहिलीत नुसतं मिश्रण. दुसरीत मिश्रण आणि दर आठवड्याला विद्राव्य खताचं पाणी, जरा सढळ हाताने. तिसरीत थोरल्या बाभळीची माती, स्फुरदाचे जिवाणू, ट्रायकोडर्मा घातलेलं शेणखत, आणि वरून खत अजिबात नाही. मेच्या सुट्टीत पाणी कोण घालणार हा प्रश्न होताच. दरवर्षी असतो, आणि शाळांच्या बहुतेक रोपवाटिका याच प्रश्नावर मरतात. त्या वर्षी पाणी घातलं त्या मुलीने आणि तिच्या आजीने. मी मागितलं नव्हतं. मागायला तोंड नव्हतं.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा दुसरी रांग सगळ्यांत उंच, हिरवीगार. तिसरी रांग तिच्याहून वीतभर बुटकी. मुलांनी एकमताने दुसरीला पहिला नंबर दिला. मीही मनातून तोच दिला होता. मग प्रत्येक रांगेतली तीन तीन रोपं पिशवी कापून बादलीतल्या पाण्यात हळूहळू धुतली. दुसऱ्या रांगेच्या मुळांवर गाठी तुरळक, मुळंही थोडी. तिसऱ्या रांगेच्या मुळांवर मोहरीपासून ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठीच गाठी. एक गाठ नखाने फोडली तर आत गुलाबी. हा गुलाबी रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या जातीच्या द्रव्याचा. गाठ आतून गुलाबी म्हणजे कामावर आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही. दुसऱ्या रांगेत गाठी का कमी? नत्र आयतं मिळत असेल तर झाड गाठींवर साखर खर्च करत नाही. स्फुरद आयतं मिळालं तर मायकोरायझाचंही तेच. मग दोऱ्याने बुंध्याची जाडी मोजली. तिसऱ्या रांगेचे बुंधे जाड होते.

या मुळं धुण्याच्या कार्यक्रमात माझी एक फजितीही झाली. पुस्तकात लिहिलेलं असतं, शिंबावर्गीय वनस्पतींच्या मुळांवर गाठी असतात. म्हणून मी थाटात चिंचेचं आणि बहाव्याचं रोप धुवायला घेतलं. एकही गाठ नाही. दुसरं रोप घेतलं, तिसरं घेतलं. ती मुलगी तिथेच होती, म्हणाली, "बाई, बहाव्याला तर केवढी लांब शेंग येती. मग गाठी का न्हाईत?" मी म्हटलं, माहीत नाही. नंतर शोधलं तेव्हा कळलं की शेंगावर्गातल्या सगळ्याच झाडांवर गाठी येत नाहीत, आणि बहावा, चिंच त्यातलेच. आमच्याकडच्यांपैकी बाभूळ, शिरीष, करंज यांच्यावर येतात. मुलं आता हा प्रश्न मुद्दाम पाहुण्यांना विचारतात. मी अडवत नाही.

जुलैत तिन्ही रांगा उतारावर लावल्या. लावण्याआधी तीन आठवडे पाणी हळूहळू कमी केलं, खताचं पाणी थांबवलं, पिशव्या सावलीतून उन्हात सरकवल्या. रोपाला बाहेरची सवय लागावी म्हणून. पिशवीच्या तळाशी गोल गुंडाळलेली मुळं कात्रीने कापून टाकली. ती तशीच राहिली तर झाड मोठं झाल्यावरही त्याच वेटोळ्यात अडकतं. ऑगस्टमध्ये महिनाभर पावसाने दडी मारली. पुढच्या जूनमध्ये मुलांनी मोजणी केली. पहिल्या रांगेतली अठरा रोपं जगली होती, दुसरीतली तेरा, तिसरीतली सत्तावीस. हा काही संशोधनाचा पुरावा नाही. काही रोपं शेळ्यांनी खाल्ली, उतारावर कुठे माती आहे तर कुठे नुसता मुरूम. पण तेव्हापासून मी रोपाची उंची बघून नंबर देत नाही.

याचा अर्थ रासायनिक खत विष आहे असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. चिंच, बहावा यांची पानं पिवळी पडली तर आम्ही आजही १९:१९:१९ देतो. लिटरभर पाण्यात एक ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी, माती ओली असताना. हा ग्रॅम सोनाराकडे असतो तशा छोट्या काट्यावर तोलतो आणि तोलायचं काम मुलांचं. जिवाणू दिल्यापासून दोन आठवडे तरी खताचं पाणी देत नाही. आणि मी काही टाकलं की भिंतीवरच्या फळ्यावर लिहिते: तारीख, काय, किती, कुणी. शनिवारी दुपारी एकटीने काही करायचं नाही, हा नियम मुलांनी नाही, मीच माझ्यासाठी केला आहे.

ती मुलगी आता कॉलेजला आहे. आबा थकलेत, शेरडं विकली, दोनच राखलीत. तिचा धाकटा भाऊ माझ्याकडे पाचवीत आहे. परवा तो लेंड्यांचं पोतं सायकलवर बांधून घेऊन आला, नेहमीपेक्षा लहान. "आबा म्हणलं, यंदा एवढंच. आणि म्हणलं, बाईंना इचार, चमचा कुठं ठिवलाय?"

पोतं व्हरांड्यात आहे. थोरल्या बाभळीखालची माती शनिवारी आणायची आहे, पाकिटं माठाशेजारी गारव्याला ठेवली आहेत. चाळणी मात्र फाटली आहे. कुणाकडे जुनी असेल तर पाठवा.